वरणाचं पाणी

५ नोव्हेंबर

रुचिकाच्या संस्कृतीचं वजन सहा किलो शंभर. तिसरा महिना, काटा हलत नाही. पोरगी आठ महिन्यांची! उपकेंद्रातल्या गर्दीतच रुचिकाला सांगितलं — वरण-भात कुस्करून, वर चमचाभर तेल नाहीतर तूप, दिवसातून तीनदा. तिने मान डोलावली. उत्तर सासूने दिलं, "देतो नं बाई. वरणच देतो." ही पंचफुला. जुनी ओळख. तिच्या ऋषिकेशला सगळ्या लसी मीच टोचल्या. आता तो संस्कृतीचा बाप.

सगळे गेल्यावर मंजुषा — माझ्या हाताखाली आलेली नवी नर्स — म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्यांना बोलूच देत नाही." बाहेर तीस बाया बसलेल्या. बोलू कधी देऊ?

८ नोव्हेंबर

पंचफुलाच्या घरी गेले. मुद्दाम जेवणाच्या वेळी. संस्कृतीच्या वाटीत पिवळं पाणी. चमचा तिरपा केला — सगळं ओघळलं. डाळ पातेल्याच्या तळाशी, आणि ती जाते आजोबांच्या, नानाजींच्या ताटात.

मी नानाजींचं ताट बाजूला ओढलं, पोरीची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. "आज हे जेवा. भाकर नाही."

"मंग कापूस कोन वेचन, बाई?"

"तुम्हाला नुसता कापूस वेचायचाय. हिला दात काढायचेत, रांगायचंय, चालायचंय."

नानाजींनी घोटभर पिऊन पाहिलं. "पंचफुले, हे त हात धुवाचं पानी झालं वं."

पंचफुलाही हसली. मला वाटलं, जिंकले.

९ नोव्हेंबर

मंजुषाला वाटीचा किस्सा सांगितला. हसली. म्हणाली, "पण पंचफुला आजी काय म्हणाल्या?" काय म्हणणार?

१९ नोव्हेंबर

उपकेंद्रात पुन्हा तोललं, वजन तेच. तेच! मी भडकले. म्हटलं, पुढच्या महिन्यात असंच राहिलं तर वाशिमच्या दवाखान्यात भरती करावं लागेल, चौदा दिवस, आईसकट. रुचिका रडायला लागली. मंजुषाने तिला बसवलं आणि पंचफुलाला विचारलं, "आजी, वरणाचं पाणी द्यायचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

पंचफुलाने माझ्याकडे पाहिलं. "राहू दे माय," म्हणाली आणि पोरीला उचलून निघून गेली.

एवढा साधा प्रश्न. तीन महिन्यांत मला सुचला नव्हता.

२० नोव्हेंबर

सकाळीच पंचफुलाकडे. एकटी. तोच प्रश्न मी विचारला.

"तुमीच नं, बाई. ऋषिकेशच्या वक्ताले. इथंच बसल्या होत्या. चवथा महिना लागला, वरणाचं पानी सुरू कर, घट्ट देशीन त पोट फुगन. तसंच केलं, पोरगं चांगलं झालं. आता चार बायाइसमोर तुमचंच नाव कशी सांगू?"

आठवलं. तेव्हा तेच सांगायचो. मी तर ठासून. पुढे नवं प्रशिक्षण झालं, नवं सांगू लागले. आधीचं चूक होतं, हे मात्र कोणालाही सांगितलं नाही. गरजच वाटली नाही.

"पंचफुला, तेव्हा मी चुकीचं सांगितलं." बत्तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य पहिल्यांदा बोलले. जड गेलं.

"असं सांगाव नं मंग. तीन महिने काहून भांडून राह्यल्या?"

आणि तिनेच वरण-भात कुस्करला. चमचा मी उलटा करून पाहिला — घास पडला नाही. संस्कृतीने पहिला घास थुंकला, दुसरा नाकाला फासला, तिसरा गिळला. चौथ्याला तोंड आपणहून उघडलं. रुचिका दाराशी उभी होती, पहिल्यांदा हसताना पाहिलं तिला.

नानाजी म्हणाले, "गेली म्हना आमची डाळ."

२७ नोव्हेंबर

रुचिकाचा फोन. दिवसाला तीन वाट्या. पोरगी आजोबांच्या ताटावर झेपावते.

१७ डिसेंबर

सहा किलो सहाशे! दोनदा तोललं. वाशिम टळलं. बाहेर पंचफुला बायांना सांगत होती, "नुसतं पानी नोको देऊ वं. बाईनं सोताचं सांगनं सोताच मोडलं." मी ऐकलंच नाही असं दाखवलं. मंजुषाने मात्र माझ्याकडे पाहिलं.

१८ डिसेंबर

कपाटातल्या जुन्या नोंदवह्या काढल्या. ऋषिकेशच्या आगेमागे जन्मलेल्या मुलांच्या आया, ज्यांना मी तेच पाणी सांगितलं — एकशे सात. बहुतेक आता आज्या. उद्या वहीतल्या पहिल्या नावापासून, हिरीबाईपासून सुरुवात.