सोंग गाळायचं नाही

४ एप्रिल २००५, जव्हार
मी शिकवते त्या क्लासच्या कॉम्प्युटरवर आमच्या गावच्या बोहाड्याची, देवांचे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाची, वेबसाइट करतेय. प्रत्येक सोंगाचं वेगळं पान. पंचांनी तारीख बदलली, आता सगळी पानं उघडून बदलत बसा! एका पानाचा कोड दुसऱ्यात चिकटवत गेले, भोगा आता.

७ एप्रिल
पीएचपीची सगळी फंक्शन्स, म्हणजे पुन्हापुन्हा लागणारे कोडचे तुकडे, एका फाईलीत काढली. पानात वर ती फाईल एकदा इन्क्लूड करायची, मग हवं तिथे फंक्शनला नुसतं नावाने बोलवायचं. देवांचे मुखवटे नाही का, सगळे ते सांभाळणाऱ्या कान्हूकाकांच्या घरी टांगलेले, ज्याची पाळी तोच बाहेर. क्लासच्या पोरींना असंच सांगितलं, पटकन कळलं. तारीख आता एकाच जागी. सुख.

९ एप्रिल
नरसिंहाचं सोंग आमच्या घराच्या मानाचं. बाबा गेल्यावर दादाने घ्यायचं, पण तो भिवंडीला कारखान्यात. गेल्या वर्षीही आला नाही. यंदा नाही आला तर पंच मान दुसऱ्या घराला देणार. पावलं मला सगळी येतात, पण बाईने मुखवटा चढवायचा नाही. राग येतो. असो.
सोंगांची यादी दाखवणाऱ्या फंक्शनमध्ये अट घातली: घेणाऱ्याचं नाव नसेल तर सोंग दाखवू नको. निदान चारचौघांत शोभा नको.

१२ एप्रिल
कान्हूकाका मोखाड्याहून जीपने आले. स्क्रीनवर बोट ठेवत खाली खाली गेले, थांबले.
"नरसिंह कठं गेला?"
म्हटलं, घेणारा नाही अजून.
"नाय तं नाय. सोंग गाळत नाय, पोरी. मानूस नाय आला तं मुखवटा ताटात घालून आणायचा. संबळ त्याचाच वाजतो."
मी हे लहानपणी पाहिलंय की! बोहाड्याची वेबसाइट करायला निघाले आणि आपलाच देव गायब केला. मान खाली घालून चहा केला.

१३ एप्रिल
अट काढली. नरसिंह आपल्या जागी, पुढे नावाची जागा कोरी. बघवत नाही. पण खरं तेच आहे.

१८ एप्रिल
क्लासवर दादाचा फोन. कुणीतरी सायबर कॅफेत नेऊन वेबसाइट दाखवली.
"माझं नाव कुठाय?"
"घेणार आहेस का सोंग?"
"काढलं कुणी?"
"घातलंच नव्हतं."
मग, "शेठकडे सुट्टी मागून बघतो."
फोन ठेवला आणि रडले.

२२ एप्रिल
आज बोहाडा. दादाचा पुन्हा फोन नाही. आई म्हणते, "टाक ना नाव, येल तो." नाही टाकलं. काकांचा निरोप आला, ताट घासून ठेवलंय.
फाईल उघडी आहे. नाव एका ओळीत लिहायचं, मग सगळ्या पानांवर आपोआप येईल. आई पिशवी घेऊन क्लासच्या दारात उभी, गावी जायची घाई. तिला म्हटलं, भिवंडीची एसटी येऊ दे, मग निघू.