डाव्या चाकाचं कुंकू

झाई,
१८ ऑक्टोबर २०१६

ती. दादास,
हिरकणीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने जुळवतोस, म्हणून चिकूच्या टेम्पोबरोबर हे पत्र पाठवते आहे. आधी सांगते, अप्पा ठीक आहेत. कपाळाला टेंगूळ आलं आहे, बाकी खरचटलंसुद्धा नाही.

काल सोमवार, अप्पांच्या गुडघ्याच्या व्यायामाचा दिवस. नेहमीप्रमाणे त्यांना घेऊन डहाणूला निघाले. बोर्डीच्या सरूंच्या झाडांपाशी शेळ्या आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला तर गाडी सरळ थांबायच्या ऐवजी उजवीकडे ओढली गेली आणि एका वाडीच्या तारेच्या कुंपणात घुसली. समोरून कुणी येत नव्हतं हे नशीब. दादा, स्टिअरिंग मी फिरवलं नाही. ते माझ्या हातातून गेलं.

गाडी शुक्रवारीच तुझ्या प्रविणच्या गॅरेजमधून सर्व्हिसिंग होऊन आली आहे. तूच म्हणालास, मित्राचा मुलगा आहे, घरचं काम समजून करील. पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड नवे घातले असं त्याने सांगितलं होतं. मग असं का व्हावं? त्याला एकदा विचार.

अप्पांनी मात्र निकाल देऊन टाकला आहे. माझा पाय चुकला, म्हणतात. येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगतात. आता माझ्या गाडीत बसणार नाहीत, एसटीने जातील. वडिलांसाठी म्हणून चाळिशीत गाडी शिकले रे मी. जेवण जात नाही.

वहिनीला नमस्कार. जरा लवकर लिही.

तुझी,
हिरकणी

•

तलासरी,
२० ऑक्टोबर २०१६

चि. हिरकणीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून निर्मलाने देवापुढे दिवा लावला आणि मी चपला घालून गॅरेजवर गेलो. प्रविणचं म्हणणं, चारही चाकं काढून काम केलं आहे, पॅड दोन्हीकडचे बदलले आहेत. गाडीत खोट नाही. चालवणारा घाबरला की ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो, असं त्याने हळूच सुचवलं. पोरगा खोटं बोलणारा नाही ग, त्याला मी लहानपणापासून पाहतो आहे.

तू चिडशील, तरी लिहितो. तू घाईची आहेस. स्वयंपाकघरातसुद्धा एका हाताने फोडणी आणि दुसऱ्या हाताने दार उघडतेस. तेव्हा दिवाळीपर्यंत गाडी अंगणात राहू दे. आमच्या गल्लीतला तुक्या भाड्याच्या गाड्या चालवतो, त्याला सोमवार-गुरुवार पाठवीन.

अप्पांचं मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या गाडीत वीस वर्षं बसले, पण एकदाही डोळा मिटला नाही. एसटीतही ड्रायव्हरच्या मागे बसून त्याच्या पायाकडे बघत असतात. कुणाच्याही हातात जीव द्यायला हा माणूस तयार नाही.

रागावलीस तरी पत्र पाठव, तेवढी माया राहू दे.

तुझा,
महादेवदादा

•

झाई,
२२ ऑक्टोबर २०१६

ती. दादास,
नमस्कार.

रागावले आहे. तुझा तुक्या तुझ्याकडेच ठेव.

गुरुवारी अप्पा काठी घेऊन एसटीला गेले. मी फाटकाशी उभी होते. पायरी उंच, कंडक्टरने हात धरला तेव्हा कुठे चढले. परत येईपर्यंत मी घरात तीनदा केर काढला. तुझ्या पत्राने तर माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. उभ्या गाडीत बसून मी ब्रेक दाबत होते, हाच ना तो, हाच ना, असं करत. शेजारची रखमी कुंपणावरून बघून गेली. उद्या गावभर होईल.

आता नीट वाच. दसऱ्याला अप्पांनी गाडीची पूजा केली तेव्हाची गंमत तुला सांगितली होती. कुंकू लोखंडाला लागलं पाहिजे, प्लास्टिकला लावून काय उपयोग, म्हणून त्यांनी मला चारही चाकांच्या टोप्या काढायला लावल्या. गोडेतेलात कालवलेलं कुंकू एकेका नटाला स्वतः लावलं, मग टोप्या परत बसवायला लावल्या. तू तेव्हा खूप हसलास.

काल कुंपणाचा चिखल धुवायला मी टोप्या काढल्या. तीन चाकांचे नट पान्याने घासून लख्ख झालेले आहेत. पुढच्या डाव्या चाकाच्या एकेका नटावर अप्पांचं कुंकू जसंच्या तसं आहे, बोटाच्या ठशासकट. ते चाक उघडलंच नाही, दादा. नवा पॅड एका बाजूलाच पडला. मग गाडी उजवीकडे ओढणार नाही तर काय करील?

अप्पांना अजून सांगितलं नाही. मी सांगितलं तर सारवासारव वाटेल. उद्या रविवारी प्रविणला घेऊन ये. चाकाला मी कुणाला हात लावू दिलेला नाही.

आलास तर तुझीच,
हिरकणी

•

तलासरी,
२४ ऑक्टोबर २०१६

चि. हिरकणीस,
आशीर्वाद, आणि यावेळी त्यासोबत माफीही.

काल तुझ्यासमोर म्हणायला हवं होतं, ते आज लिहितो. मित्राच्या मुलावर विश्वास ठेवला आणि सख्ख्या बहिणीवर नाही. वाईट वाटतं आहे.

कुंकू बघून प्रविण आधी म्हणाला होता की यावरून काही सिद्ध होत नाही, हे तू ऐकलंस. चाक काढल्यावर झिजून पत्र्याला लागलेला जुना पॅड निघाला, तोही पाहिलास. तू चहा टाकायला आत गेलीस, त्यानंतरचं लिहितो. प्रविण अप्पांच्या खाटेशी जाऊन बसला. काका, चूक आमची आहे, म्हणाला. तीन चाकं झाल्यावर दुसरी गाडी आली, ती बघायला तो गेला आणि परत आल्यावर काम झालं असं समजून गाडी देऊन टाकली. ताईंचा पाय चुकला नव्हता, असंही म्हणाला. अप्पा त्याला म्हणाले, हेच कुंपणाजवळ उभा राहून बोल. आणि पोराने रखमीच्या अंगणाकडे तोंड करून सगळं पुन्हा सांगितलं, इतक्या मोठ्याने की मलाही शब्द न् शब्द ऐकू आला.

गॅरेजवर पोचल्यावर तो फळीवरून डाव्या बाजूचा नवा पॅड घेऊन आला. उद्या तिकडे येऊन बसवील. यापुढे चाक उघडलं की त्यावर खडूची खूण करणार, म्हणाला. मी म्हटलं, खडू कशाला, कुंकू ठेव.

गुरुवारी काय झालं ते कळव. अप्पा बसतील असं मला वाटत नाही. तरी माझ्यासारख्या भावावरही लोभ ठेव.

तुझा,
दादा

•

झाई,
२८ ऑक्टोबर २०१६

ती. दादास,
हिरकणीचा नमस्कार, राग वजा करून.

प्रविणने काम चोख केलं. त्याच्याबरोबर बोर्डीपर्यंत जाऊन रिकाम्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून पाहिले. गाडी सरळ थांबते.

काल एसटीच्या वेळेला अप्पा टोपी घालून बाहेर आले. मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि नाही म्हणाले असते तर मला सोसलं नसतं. ते फाटकापर्यंत गेले, तिथून परत फिरले, गाडीचं पुढचं दार उघडून बसले आणि म्हणाले की एसटीची पायरी फार उंच केली आहे हल्ली. माझ्याबद्दल एक शब्द नाही. चुकलो म्हणणं त्यांना जमत नाही, ते तूही त्यांच्याकडूनच उचललं असावंस, फक्त तुला लिहिता येतं.

झाई सुटेपर्यंत माझ्या पायाकडे बघत होते. बोर्डी आली, सरू आले, ते मोडकं कुंपणही आलं. शेळ्या पुन्हा रस्त्यावर. मी ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी उभी राहिली. आता काहीतरी बोलतील म्हणून वळून पाहिलं.

दादा, अप्पा झोपले होते. तोंड किंचित उघडं, टोपी डोळ्यांवर आलेली, हात मांडीवर सैल.

शेळ्या अगदी सावकाश गेल्या. मागे एक टेम्पो येऊन थांबला होता, तो हॉर्न वाजवू लागला तेव्हा मी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला गप्प राहायला सांगितलं.

तुझी,
हिरकणी