कोराडीवाल्यांचा पिक्चर वीस मिनिटं आधी संपते

३ नोव्हेंबर, सोमवार
आणि पिक्चरले पोह्यावरच्या तिखट तर्रीचे मार्क द्यायची आयडिया माझीच होती. आज परत लिहून ठेवतो, कारण दुर्गेशनं आजही ते मानलं नाही. उन्हाळ्यात पोहे खाता खाता मीच बोललो होतो, हा पिक्चर म्हणजे बिनतर्रीचा पोहा. त्यानं ते उचललं. आता व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा व्हॉइस येते, पाचपैकी तीन तर्री, आणि कोराडीच्या वीज केंद्रातली राख न्यायले आलेले बल्कर टँकरवाले लाइनीत उभे राहून ऐकते. चारशे तेरा लोक. आम्ही एकाच रूमवर राहतो, राखेच्या एकाच टाकीखाली, सायलोखाली, बल्करची झाकणं उघडतो. फरक इतकाच, तो बोलते आणि मी विचार करतो.
संकल्प: या महिन्यात दुर्गेशच्या पुढं जायचं.

४ नोव्हेंबर
गावावरून मायचा फोन. तब्येत विचारली आणि त्याच दमात म्हणाली, दुर्गेशले दे. बचत गटाची सहल आहे. या वर्षी वडसाले जाऊन पिक्चर पाहायचा, असा मायचाच ठराव. कोणता, ते दुर्गेश सांगन.
म्हटलं, दुर्गेश आंघोळीले गेला. तो बाजूलेच बसून चप्पल शिवून राहिला होता. मान वर केली आणि पुढचा टाका घातला. असं चांगलं वागून तो मुद्दाम त्रास देते.
मायले म्हटलं, मी सांगतो नं. माय म्हणाली, बरं बापू, पण पाहून सांग. डिसेंबरात गटाची अध्यक्ष निवडायची आहे. मी उभी राहून राहिली, तर कुसुमताई माह्या चुकाच शोधत फिरते.
पाहून सांग म्हणे. जसा मी न पाहताच सांगतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
कॅसिनोवाला पिक्चर लागला. सहा जण मिळून जहाजावरचा कॅसिनो लुटते. ट्रेलर तीनदा पाहिला. अर्धा पिक्चर तिथंच समजला.
मायले हाच सांगितला. माय म्हणाली, जुगाराचा? मागच्या वर्षी आम्ही बायाईनं लाठ्या घेऊन गावातला पत्त्याचा अड्डा बंद केला. आता त्याच बायाईले जुगार दाखवाले नेऊ? कुसुमताई मले गावात राहू देईन का?
म्हटलं, उद्या पाहतो. शेवटी चोराले शिक्षा झाली तर शिकवणीचाच झाला नं पिक्चर. माय म्हणाली, दुर्गेशलेही विचारून घेजो.
रागानं जेवलो नाही. मग थोडं जेवलो.

८ नोव्हेंबर
पाहिला. सीताबर्डी, साडेसहाचा शो. दुर्गेशही होता, चार रांगा पुढं. मी ओळख दिली नाही.
चोरांचा म्होरक्या बँकेतला रिटायर कॅशियर. इंटरवलपर्यंत काय चाललं ते कळलं नाही, पण मी मान हलवत होतो. शेवटी पोलिसांनी जहाज घेरलं, कॅशियरच्या हातात बेड्या. न्याय झाला. घड्याळ पाहिलं, उठलो. कोराडीची शेवटली बस धरायची तर उठावंच लागते. आमच्याकडले आठ-दहा जण संगच उठले. कोराडीवाल्यांचा पिक्चर वीस मिनिटं आधी संपते, हा रिवाजच आहे. उरलेल्या वीस मिनिटांत काय, एक गाणं आणि लग्न.
दुर्गेश बसूनच होता. तो नंतर नाक्यावर येते, एखाद्या रिकाम्या बल्करवाल्याले हात दाखवते आणि फुकटात घरी. अशा माणसाचं चारशे लोक ऐकते.

९ नोव्हेंबर, सकाळी ७
दुर्गेशचा व्हॉइस आला. साडेचार तर्री, शेवट सांगत नाही, पण खुर्ची सोडू नका. सांगत नाही म्हणे. झोपला असन, सांगन काय?
मी माझा पहिला व्हॉइस टाकला. सहा मिनिटांचा. चोराले शेवटी बेड्या पडते, आयाबहिणींनी जरूर पाहावा.
दुपारपर्यंत आलेली मतं:
गोविंदाभाऊ बल्करवाला म्हणते, मस्त बोलला, पण तुह्या नादात माहा नंबर निघून गेला. कॉलनीतले चार जण म्हणते, बरोबर आहे, बेड्या पडते, आम्हीही तिथूनच उठलो. म्हणजे साक्षीदार चार. कामठीचा एक जण म्हणते, भाऊ, शेवट पाहून घ्या, आणि पुढं तीन हसरे तोंडं. कामठीवाले जळते.
व्हॉइस मायले पाठवला.

१० नोव्हेंबर
सकाळी दुर्गेश म्हणाला, प्रशिक, मायले पाठवायच्या आधी एकदा शेवट पाहून घे नं गा. तिकीट मी काढतो. म्हटलं, पाठवला. आणि माह्या मायचं मी पाहीन. तो म्हणाला, बरं.
त्याच्या नुसत्या बरंमध्येही मार्क असते. मले दीड दिले असन.

१२ नोव्हेंबर
माय खूश. गटाच्या मीटिंगमध्ये माहा व्हॉइस स्पीकरवर वाजवला. कुसुमताईनं विचारलं, बेड्या पडते नं नक्की? माय म्हणाली, माह्या पोरानं डोळ्यानं पाहिलं. अकरा बाया, एक गाडी, रविवारी.
मग माय म्हणाली, आता दुर्गेशले विचारायचं काम नाही. हे वाक्य मी रेंज नाही सांगून तिच्याकडून दोनदा बोलवून घेतलं.
नवीन संकल्प: स्वतःचा ग्रुप. नाव 'प्रशिकचा निकाल'. मेंबर सध्या सहा, त्यात मी दोन नंबरांनी.

१६ नोव्हेंबर, रविवार
दुपारी ३. बाया आत गेल्या असन.
सायंकाळी ६. मायचा मिस कॉल. कौतुक असन. बल्करवर होतो.
६.१०. परत. ६.१२. परत. घेतला नाही. कौतुकाचा फोन माणसानं लगेच घेऊ नये.

१७ नोव्हेंबर, सोमवार
घेतला.
बेड्या खोट्या होत्या. पोलीसही खोटे, ते त्या सहांतलेच निघाले. सारा पैसा घेऊन पळाले आणि शेवटी तो कॅशियर समुद्राकाठी नारळपाणी पीत पडद्यातून डोळा मारते. त्याच्याहून वाईट म्हणजे बायाईले आवडला. आठ जणींनी टाळ्या वाजवल्या. एकीनं शिट्टी.
कुसुमताई गाडीत सगळ्याईसमोर मायले म्हणाली, प्रेमिला, जो पिक्चर पुरा पाहत नाही तो तिकडं नोकरी तरी पुरी करत असन का वं? जुगाराचा पिक्चर सहलीत धरत नाही म्हणून गटानं खर्च नाकारला. तिकिटं, गाडी, सारं मायनं भरलं. अठराशे. अध्यक्षपदाले आता उभी राहत नाही म्हणते.
मी बसचं समजावून सांगितलं. माय म्हणाली, मग बस सांगायची होती, बेड्या काहून सांगितल्या?
मग हळूच विचारलं, तू कामावर आहेस नं बापू, खरंच? म्हटलं, आहो.
म्हटलं, सारे अठराशे आज टाकतो. माय म्हणाली, अर्धे कालच आले. तू फोन घेतला नाही म्हणून दुर्गेशले केला होता, त्यानं टाकले, नऊशे. तुले सांगू नको म्हणाला होता.
मी नऊशे एक पाठवून राहिलो.