पाचवी तार उतरवून

पाच तारांचे एक वाद्य, एक डफ, जेवणाचे टेबल आणि या घराचे एकूण एक दार: एवढे मी कुणाकडे न शिकता स्वतःच्या हाताने केले. बाकीचे विकतचे. मी, वय सत्तावन्न, पूर्ण शुद्धीवर असून, कुणाच्याही दडपणाखाली नसून (दडपणाखाली राहणे माझ्या स्वभावात नाही), माझ्या पश्चात करायची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. घर व बँकेतील शिल्लक पत्नीला. माझ्या धाकट्या भावाच्या शब्दावर तिने ती शिल्लक कुठेही गुंतवू नये.

२. रंधे, पटाशा, करवती शेजारच्या सुताराला. उसनी नेलेली पटाशी धार लावून परत करणारा तो एकटाच.

३. डफ धाकट्याला. आमचा 'भावंडं' हा लोकगीतांचा संच त्यावरच उभा राहिला. बहीण गायची, मी वाद्यावर, हा डफावर. डफवाल्याचे तोंड बोलायला मोकळे असते, म्हणून व्यवहार त्याच्याकडे. "कॅसेट कंपनीला दाखवतो," म्हणून त्याने माझे वाद्य नेले. पहिले रेकॉर्डिंग शुक्रवारी, असे त्यानेच सांगितले. खिशात नव्या तारा घेऊन मी शुक्रवारी स्टुडिओवर पोचलो. पहारेकरी म्हणाला, "ते तर बुधवारीच गाऊन गेले की!" माझ्या जागी भाड्याचा वादक बसवला होता.

४. वाद्य (रेकॉर्डिंगनंतर परत आले ते) बहिणीला. कॅसेटच्या वेष्टनावरच्या फोटोत ते तिच्या नवऱ्याच्या हातात आहे, उलटे, खुंट्या खाली करून. मी विचारले तर म्हणाली, "अरे दादा, फोटोच आहे ना, त्यातून आवाज थोडाच येतो! आणि तू तासभर सूरच लावत बसतोस. कंपनी किती थांबणार?" तो तास तिच्याच गळ्यासाठी लागायचा. तिच्या आवाजाबरहुकूम लावलेली पाचवी तार मी उतरवली आहे. ती वाद्यासोबत मिळणार नाही, मागू नये.

५. माझ्या मागे कुणी गाऊ नये. राहवलेच नाही, तर निदान सुरात गावे.

साक्षीदार: कोपऱ्यावरचा औषधवाला, निवृत्त पोस्टमास्तर. (सुताराला हत्यारे मिळणार असल्याने त्याची साक्ष घेतलेली नाही.)
ठिकाण: राहते घर, मागची खोली. दिनांक: सात मार्च.
सही

६. हे कलम सहीनंतर सुचले, म्हणून त्याच दोघांसमोर पुन्हा सही करून जोडतो. दोघा भावंडांना मोठ्याने वाचून दाखवावे. त्या बुधवारच्या सहा महिने आधी त्याच कॅसेट कंपनीचा माणूस माझ्याकडे आला होता. "त्या दोघांना सोडा, तुम्ही एकटे या. तीन वर्षांचा करार." मी म्हणालो, "आम्ही सुटे मिळत नाही." चहा पाजून त्याला वाटेला लावले. घरी बोललो नाही. दोघांना वाईट वाटले असते. रक्कम साठ हजार होती, रोख.