दाताने तोडलेला दोरा

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! पुस्तकबांधणीच्या दुकानात शिलाईला बाई हवी होती, मी हजर. खाली दुकान, वर मालकांचं घर, मागच्या जिन्याला माझी खोली. खाट, खिडकी आणि बसलं की कुरकुरणारी खुर्ची. मालकांचे हात थरथरतात, ते नुसती खळ लावतात. कटिंग मशीनवरच्या माणसाला सगळे हसऱ्या म्हणतात. चाळिशीचा, खांदे दारात मावत नाहीत आणि दात कधी झाकत नाहीत. मालकांच्या बायकोला, काकूंना, म्हणे आता सुईचं नाक दिसत नाही. पण माया केवढी! स्वेटरच्या बाह्या लोंबतात, दे, आखूड करून देते म्हणाल्या. लिहायला ही पातळ वहीही दिली. म्हटलं, बाई गं, नशीब काढलंस!

४ तारीख, मंगळवार

आता खरं लिहिते. माझ्या धाकट्या बहिणीला ज्याने मारलं त्याला शोधायला आले आहे. पोलीस शोधतील तेव्हा शोधतील, मला तो आधी हवा आहे.

चार बायका गेल्या, धाकटी तिसरी. गळा आवळायचा आणि मग दोन्ही बाह्यांची तोंडं एकमेकींना शिवून टाकायची. पेपरवाले रोज अक्कल पाजळतात. एक म्हणतो, तो सर्जन असावा. दुसरा म्हणतो, खलाशी, गाठी बघा. तिसऱ्याने तर त्याचं बालपणही शोधून काढलंय! अरे, डॉक्टर कधी दोरा दाताने तोडतो का? तिची बाही मी हातात घेऊन पाहिली आहे. मेण लावलेला दोरा, तीन भोकं, मधोमध गाठ, गाठीवर दोरा दोनदा उलटा फिरवलेला, टोक चावलेलं. वहीच्या घडीत घालतात तीच शिलाई. मी बांधणीवाल्याची मुलगी, मला कोण शिकवणार? हे तिसरं दुकान आहे. दोन दुकानांत तशी गाठ कुणी मारत नव्हतं.

७ तारीख, शुक्रवार

विचार करकरून डोकं पिकलंय. तो हातात बळ असलेला, पण घाई नसलेला. आणि गोड बोलणारा असणार. धाकटी तशी भित्री, अनोळखी पुरुषाला दार उघडलंच नसतं तिने. तरी उघडलं. म्हणजे चेहरा भरवशाचा, हसरा.

हसरा.

१२ तारीख, बुधवार

आज दोऱ्याचं रीळ मुद्दाम त्याच्यापुढे टाकलं. कात्री शेजारी असून पठ्ठ्याने दोरा दाताने तोडला आणि माझ्याकडे बघून हसला. मी पण हसले. धाकटीने हेच हसू बघितलं असेल.

पोलीस? छे. पुरावा मागतील, वकील येईल, चार वर्षं जातील. मला त्याचे डोळे मिटलेले बघायचे आहेत.

१५ तारीख, शनिवार

माळ्यावरच्या पुठ्ठ्यांसाठी तो रोज दुपारी शिडी चढतो. जेवणाच्या सुट्टीत मी शिडीच्या वरच्या कड्यांचे स्क्रू ढिले केले. पडला तो थेट पुस्तकं दाबायच्या लोखंडी शिकंज्यावर. एकदाच हाक मारली, काकूंना.

काळीज थंड झालं. धाकटे, फेडलं बघ.

१७ तारीख, सोमवार

मालक रडत होते. म्हणाले, बिचाऱ्याने जन्मात सुई धरली नाही, रक्त बघून घेरी यायची त्याला. मी विचारलं, मग दोरा दाताने? म्हणाले, ती काकूची सवय, लहानपणापासून तिच्याजवळ वाढला, तिचंच बघून शिकला.

वर येऊन ही वही उघडली. लिहीत लिहीत मधल्या पानावर आले आहे. घडीत दोरा दिसतो. तीन भोकं. मधोमध गाठ. दोनदा उलटा फि—

टोक चावलेलं.

काखेत कळसा आणि मी गावभर—

"तो, तो" म्हणत राहिलो सगळे. पेपरवाले, पोलीस, मी. धाकटीने बाईला दार उघडलं. मायेच्या बाईला. हसऱ्या, मी तुला— माफ कर रे मला. कुठल्या तोंडाने म्हणू.

१८ तारीख, मंगळवार, सकाळी

वही उशीखाली होती. आता खुर्चीवर आहे.

काकू जिन्यात भेटल्या, डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, स्वेटर झालाय, खाटेवर ठेवलाय, मालक हसऱ्याच्या घरी गेले की बाह्या बघायला येते.

दुपारी

मालक गेले. पळणार नाही. कडी लावली आहे, ती मीच काढीन. दाभण डाव्या बाहीत लपवणार. दोन्ही हात पुढे करीन, हवे तसे. ती सुई ओवायला मान खाली घालील, तेव्हा— हसऱ्याचाही हिशेब त्यातच.

पावलं.

उजवी बाही घातली. डावीत दाभण सरकवलं, हात घातला— बाहेर येत नाही— तोंड शिवलंय, मधोमध गाठ—

हाक मारतेय, बाळ म्हणून.

कडी हलतेय. स्क्रू ढिले आहेत. मी शिडीचे केले होते तस—