कोऱ्या रकान्यातलं दार

सोमवार
तू या नव्या नोकरीत नक्की काय करणार, असं आईनं निघताना विचारलं. घरातली पहिली पदवीधर मी, ऐटीत म्हटलं, नकाशे काढणार. रेघोट्याच मारायच्या होत्या तर पाटीवर काय कमी मारल्यास, म्हणून ती हसत सुटली.

काम झकास आहे. यंत्र इमारत मोजतं, त्याची फाईल येते. एका ओळीत एक भिंत, दार, कपाट किंवा खिडकी. रकान्यांत मापं, आणि दार आतून उघडतं, बाहेरून की दोन्हीकडून, ते. माझ्या प्रोग्रॅमनं ते वाचून संगणकावर नकाशा काढायचा. नव्या माणसानं आधी आपल्याच इमारतीवर हात बसवायचा, ही इथली रीत. खाली ऑफिस, वर माझी खोली. पूर्वेला खिडकी! माझ्या रेघांवरून लोकांची घरं उभी राहतील, या आनंदात जेवणही सुचेना.

मंगळवार
मुख्य दाराचा ‘कुठून उघडतं’ हा रकाना कोरा निघाला. इतर बहुतेक ओळी कपाटांच्या, त्यांत ‘बाहेरून’ होतं, म्हणून कोऱ्या जागी तेच धरायला प्रोग्रॅमला सांगितलं. एका खिडकीची ओळ अर्धवट होती, ती गाळली. साहेबांनी पाठ थोपटून नकाशा पुढे पाठवला.

बुधवार
खोलीला खिडकी नाही. तिथं भिंत आहे, जुनाट रंगाची, पोपडे आलेली. शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, अगं, तिथं खिडकी होतीच कधी?

संध्याकाळी बाहेर निघाले, तर मुख्य दाराला आतून ना कडी, ना मूठ. ढकलून खांदा दुखावला. ताई म्हणाल्या, सवय होते गं. दुपारी पाणीवाला आत आला होता. अजून जिन्यात बसून आहे.

गुरुवार
चूक दुरुस्त केली, दारापुढे ‘दोन्हीकडून’ भरलं, खिडकी पुन्हा काढली, नकाशा पाठवला. काहीच बदललं नाही. यंत्रानं सकाळी पुन्हा मोजलंय. फाईलमध्ये आता कोरा रकानाच नाही. ‘बाहेरून’, असं स्वच्छ लिहिलेलं.

मग माझं कपाट गाळून पाहिलं. तासाभरात कपाट गेलं, कपड्यांसकट. नकाशात वाढवलेलं टिकत नाही. गाळलेलं मात्र —

शुक्रवार
आईचा निरोप. उद्या येतेय, राहायलाच येते. नको, येऊ नकोस, म्हणून सारखी लिहितेय. जात नाही. निरोप नुसते आत येतात.

साहेब म्हणाले, येऊ द्या की, जागा भरपूर आहे.

पाणीवाल्याला म्हटलं, घरी बायको वाट बघत असेल. कोण बायको, म्हणाला.

शनिवार
ती दार उघडणार. बाहेरून उघडतंच ते. आत येणार, आणि मग मलाही, कोण मुलगी, असं —

नाही.

मुख्य दाराची ओळ मी गाळली. नकाशा पाठवला. दार होतं तिथं आता भिंत आहे. हात लावून पाहिला, गार.

ती आलीय. पलीकडून थापा मारतेय. पत्ता तर हाच आहे हो, असं कुणाला तरी सांगतेय. माझ्या लाडाच्या नावानं हाक मारतेय.

ओ देत नाहीये मी. तोंडात पदर कोंबलाय. माझा आवाज ऐकला, तर ती ही भिंतसुद्धा फोडून —