तोंडात टाचण्या

१४ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी पोचलं. अर्थमंत्र्यांचा सल्लागार झालास तरी बहिणीला हाताने लिहितोस, ह्याचं शेजारणीला फार कौतुक आहे. अक्षर मात्र अजून तसंच, घाईत निघालेल्या मुंग्यांसारखं.

इकडे सगळं ठीक. आईचा खोकला गेला. भूक चांगली आहे, पण जेवण झालं की थोड्या वेळाने ती विसरते, आणि मी तिला उपाशी ठेवते असं खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगते. पोस्टमन आता माझ्याकडे जरा संशयानेच बघतो. दुकानही चालू आहे. थंडीचे कोट संपले, सध्या उसवलेलं शिवणं आणि लांबी कमी करणं, एवढंच. मशीन खिडकीजवळ सरकवलं, उजेड बरा येतो.

तू लिहितोस की तुमची फिल्मवाली मंडळी पुढच्या आठवड्यात परत येणार, लोकांनी मतं देऊन करकपात मंजूर केली त्याला वर्ष झालं म्हणून. प्रचाराच्या फिल्ममध्ये राहिले होते तसं मी पुन्हा दुकानाच्या दारात उभं राहायचं आणि तू लिहून पाठवलेली चार वाक्यं बोलायची. त्याचं नंतर बोलू.

तू पाठवलेले उद्योगपती येऊन गेले. 'माझ्या बहिणीसारखा कोट शहरात कोणी शिवत नाही' असं तू त्यांना म्हणालास म्हणे. ते ऐकून मी दिवसभर हवेत होते, खोटं कशाला सांगू. त्यांनी एकदम पाच कोट सांगितले आणि कापडाचा भावसुद्धा विचारला नाही. माणूस सभ्य आहे. आई त्या दिवशी दुकानातच बसली होती, तर तिच्याशी बसून बोलले. त्यांची आईही अशीच विसरते. तिच्यासाठी घरी नर्स होती, ह्या वर्षी हात मोकळा झाला म्हणून आणखी एक ठेवली. मला हेवा नाही वाटला. आई कोणाचीही असो, म्हातारी होतेच.

मग ट्रायलचा दिवस आला. ट्रायल म्हणजे काय ते तुला सांगायला नको, बाबांच्या पायाशी बसून तूही टाचण्या वेचल्या आहेस. गिऱ्हाईक स्टुलावर उभं, आपण गुडघ्यांवर, आणि टाचण्या ओठांत धरलेल्या. तेव्हा बोलायचं नाही, हा बाबांचा नियम. एखादी घशात गेली तर पंचाईत. मी खालची पट्टी टाचत होते आणि ते वरून तुझं कौतुक करत होते. मला सगळं माहीत आहे अशीच त्यांची समजूत होती. म्हणाले, "तुमच्या भावाने पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितलं होतं, ही कपात फक्त वरच्या लोकांसाठी आहे, छोट्या दुकानदाराला ह्यातलं काही मिळणार नाही. पण चेहरा छोट्या दुकानदाराचाच हवा. म्हणाला, माझी बहीण उभी राहील, ती मला कधी नाही म्हणत नाही. तुम्हीही काय सुंदर बोललात हो."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते, तोंडात टाचण्या होत्या. पट्टी सरळ आली, एकही टाचणी त्यांना टोचली नाही. ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

पहिल्याच बैठकीत, बारक्या. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या हातचं जेवून, 'ताई, तुझ्यासारख्यांसाठीच चाललंय हे सगळं' म्हणालास, त्याच्या आधी. मी तुला दोनदा विचारलं होतं, मला खरंच ह्यातलं काही मिळेल का. तू माझ्या डोळ्यांत बघून हो म्हणालास. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तू केसाने गळा कापलास.

आणि आता जे लिहायचं टाळत होते ते. आई म्हाताऱ्यांच्या ज्या डे-केअरमध्ये दिवसभर असते, ते ह्या महिन्याअखेर बंद होतंय. आधी आठवड्याचे दोन दिवस कमी केले, म्हणून तर ती दुकानात बसत होती. व्यवस्थापक म्हणाले, करच कमी जमा झाला, तर सरकार आमच्यासाठी पैसे आणणार कुठून. मागच्या मंगळवारी मी गिऱ्हाइकाचं माप घेत असताना आईने तापलेल्या इस्त्रीवर हात ठेवला. तळवा भाजला. पट्टी बांधली आहे, बरा होतोय. पण दुकान आणि आई दोन्ही एकदम सांभाळता येणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या महिन्यापासून दुकान बंद करते आहे. बाबांचं दुकान. तू मदत पाठवशील हे माहीत आहे. पाठवू नकोस, मी परत करेन.

डे-केअरमध्ये आईची वेणी घालणाऱ्या मावशी आहेत ना, त्यांचीही नोकरी जातेय. कपातीच्या बाजूने मत द्या असं मी गल्लीत ज्यांना ज्यांना गळ घातली, त्यांत त्याही होत्या. शुक्रवारी त्या दुकानात आल्या. मला वाटलं, आता भांडतील. भांडायला हवं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, फिल्ममध्ये तुम्ही म्हणाला होतात, दोन बायका कामाला ठेवीन. मला बटणं लावता येतात, हात बसला की काजंही करीन." ते वाक्य तू लिहिलेलं होतंस. उत्तर मला द्यायचं होतं. मी त्यांना आत बसवलं आणि पाणी दिलं.

तर फिल्मवाल्यांना पाठवू नकोस. डे-केअर वाचवण्यासाठी बुधवारी नगरपालिकेत सुनावणी आहे, तिथे मी बोलणार आहे. ती वाक्यं कोणी लिहिली आणि त्याला आधीपासून काय माहीत होतं, हे नाव घेऊन सांगणार आहे. तुझ्या नोकरीचं काय होईल, ह्याचा विचार करून झाला. रडूनही झालं. तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून आधी लिहिते आहे. तू माझ्यासाठी एवढंही केलं नव्हतंस.

आई रोज विचारते, बारक्या कधी येणार. दुसरं सगळं विसरते, हे विसरत नाही. मी तिला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुझ्याबद्दल तिच्या मनात जे आहे ते तसंच राहू दे, ते तिचं आहे. तेव्हा ये. तिच्याजवळ बस, तिला भरव. घराची किल्ली शेजारणीकडे ठेवीन. तू जाईपर्यंत मी बाहेर असेन.

तुझी बहीण, त्याला आता इलाज नाही,
ताई